पाच बाय पाचचा तंबू

आमच्या कारखान्यात ट्रकच्या ताडपत्र्या शिवतात आणि मी तिथे अकरा वर्षं कटिंगच्या टेबलावर आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जी चूक झाली ती माझीच होती. पण ती अडाणी बाईची चूक नव्हती. माझ्या धंद्यातल्या कुठल्याही चांगल्या कारागिराने तीच केली असती, आणि माझ्या नणंदेला ते पक्कं ठाऊक होतं.

नणंद माझ्या नवऱ्याहून सात वर्षांनी मोठी. एका शाळेचा परीक्षा विभाग सांभाळते. प्रश्नपत्रिका कपाटात बंद ठेवायच्या, उत्तरं माहीत असून तोंडाला कुलूप लावायचं आणि परीक्षेच्या दिवशी मुलांचे पडलेले चेहरे बघत वर्गातून फेऱ्या मारायच्या, हे तिचं पंचवीस वर्षांचं काम. स्वभावही तसाच झालाय, की स्वभाव तसा म्हणून काम तसं मिळालं, देव जाणे. नवऱ्याची पहिली बायको गेली तेव्हा त्यांची मुलगी सात वर्षांची होती. तिला नणंद आपल्या घरी घेऊन गेली ती आजतागायत. आता पोरगी बारा वर्षांची आहे. आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली, आणि या दोन वर्षांत ती आमच्या घरी एक रात्रही राहिलेली नाही. मला ती कशानेच हाक मारत नाही. आई नाही, मावशी नाही, काकू नाही. "तुमची पिशवी पडलीय," इतकंच.

मला ती घरी हवी होती. त्यात आडपडदा कशाला ठेवू? मला मूल नाही, आता होणारही नाही. आणि नवरा दर रविवारी बहिणीकडे जाऊन स्वतःच्याच मुलीसमोर पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसतो, ते मला बघवत नव्हतं. शेवटी मीच विषय काढला. नणंदेने शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि परीक्षा लावली.

"मोठ्या सुट्टीत तिला थीम पार्क दाखवायचं ठरवलंय मी," ती म्हणाली. "तिथल्या रिसॉर्टच्या आवारात तंबू ठोकून राहता येतं. आपण चौघं जाऊ. तीन दिवस ती तुमच्याबरोबर राहील, तुमच्याशेजारी झोपेल. मी पडद्याच्या पलीकडे असेन. रडली नाही, माझ्याकडे पळून आली नाही, तर नव्या वर्षाच्या शाळेपासून ती तुमच्याकडे. पण ट्रिप फिसकटली, तर हा विषय माझ्यासमोर पुन्हा काढायचा नाही. कबूल?"

"ताई म्हणते ते रास्त आहे," नवरा म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करतो. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांना बाहेरून "घाबरू नका, होईल" असं सांगायची त्याला इतकी सवय झालीय, की घरीही त्याच्याकडे दुसरं वाक्य नाही.

"कबूल," मी म्हणाले. "तंबू मी शिवते."

"विकत मिळतो की."

"विकतचा पहिल्या वाऱ्यात उसवतो. मी शिवलेला उसवत नाही."

"बघू या," नणंद म्हणाली. तिने फोनवर बुकिंग केलं, शाळेत जाऊन त्याचे कागद छापून आणले आणि टेबलाच्या तिच्या बाजूला ठेवले. "जागा पाच बाय पाच मीटर. लिहून घे."

मी लिहून घेतलं. दोनदा गिरवलं.

पुढचे सात आठवडे दर रविवारी नणंदेच्या टेबलावर बैठक भरायची. बैठक कसली, जुगलबंदीच. मी टॉर्च चार म्हणाले की ती दोन म्हणायची. मी गादीच्या जागी जाड फोम म्हणाले की तिला पोरीच्या पाठीची काळजी वाटायची. पार्कमधल्या कुठल्या पाळण्यात बसायचं यावर तर दोन रविवार गेले. उंचावरून सोडणारा पाळणा तिने आधीच खोडून टाकला होता. नवरा म्हणाला, मी आधी त्याचा ब्रेक बघून येईन. त्यावर ती म्हणाली, "तू स्वतःच्या संसाराचा ब्रेक बघ आधी." नवरा हसला. मला मुळीच हसू आलं नाही, कारण बोलताना ती माझ्याकडे बघत होती.

पडद्यावरून सगळ्यात मोठं भांडण झालं. पडदा मधोमध हवा, म्हणजे दोन्ही खोल्या सारख्या, असं तिचं म्हणणं. आम्ही तिघं आणि ती एकटी, मग सारख्या कशा? "मला गुदमरतं," ती म्हणाली. "मग घरी राहा," मी म्हणाले. नवऱ्याने मोठ्याने चहा मागितला. शेवटी पडदा सरकता शिवायचं ठरलं, आणि ते ठरवल्याचं श्रेय नणंदेने घेतलं.

पोरगी या बैठकांना असायची. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून अभ्यास करायची, मधूनच येऊन टेबलावरचे कागद चाळायची आणि परत जाऊन बसायची. एकदा मी तिला जमिनीवर आडवी व्हायला सांगितलं. झोपायला किती जागा लागेल ते बघायचं होतं. ती हात अंगाला चिकटवून, डोळे छताला लावून पडून राहिली. मी टेप लावला. एक मीटर अठ्ठेचाळीस. वाढतं वय म्हणून वर वीस धरले आणि वहीत लिहिले. ती उठली, फ्रॉक झटकला आणि आत गेली.

"तिला अनोळखी हात आवडत नाहीत," नणंद म्हणाली.

दोन वर्षांनंतरही मी अनोळखी. हे बोल मी गिळले, पण ते खाली उतरले नाहीत.

तंबू मी कारखान्यातच शिवला. सुपरवायझरची परवानगी काढली होती, शिफ्ट संपल्यावर तासभर मशीन मिळायचं. हिरवा कॅनव्हास घेतला, कोपऱ्यांना चामड्याच्या चकत्या, सगळीकडे डबल शिलाई, दर हातभर अंतरावर पितळी रिंग. तळ बरोबर पाच बाय पाच, ना एक सूत कमी ना एक सूत जास्त. पोरीच्या बाजूला मी एक खिसा शिवला, पुस्तक ठेवायला. कटिंगच्या बायका बघून म्हणाल्या, "हा तंबू नाही, हे घरच शिवलंस तू." मी वरवर उडवून लावलं, पण त्या दिवशी घरी जाताना पाय जमिनीला लागत नव्हते.

निघायला आठ दिवस होते तेव्हा नणंदेने रंगीत तालीम ठेवली. तिच्या इमारतीच्या मागे गाड्या लावायची मोकळी जागा आहे. रविवारी सकाळी आम्ही तंबू घेऊन पोचलो तर तिथे फरशीवर खडूने चौकोन आखलेला. शाळेची मीटरपट्टी अजून तिच्या हातात होती.

"पाच बाय पाच," ती म्हणाली. "उभा कर."

फरशीत खुंट्या जाणार नव्हत्या, म्हणून दोऱ्या बांधायला आम्ही वाळूच्या पिशव्या आणल्या होत्या. नवऱ्याने खांब धरले, मी कोपरे बसवले, एकेक दोरी ओढून घेतली. अर्ध्या तासात तंबू ताठ उभा राहिला. कुठे सुरकुती नाही, कुठे झोळ नाही. तळाची कड खडूच्या रेघेवर अशी बसली की रेघ दिसेनाशी झाली. वरच्या मजल्यावरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी बाल्कनीतून टाळ्या वाजवल्या.

"सुंदर झालाय," नणंद म्हणाली.

तिच्या तोंडून कौतुक आलं तेव्हाच मी सावध झाले.

"आता दोऱ्या कुठे गेल्यात ते बघ."

मी बघितलं. चारही बाजूंनी दोऱ्या तिरप्या खाली येऊन रेघेच्या मीटरभर बाहेर वाळूच्या पिशव्यांना बांधल्या होत्या. मीच बांधल्या होत्या. ट्रकच्या ताडपत्रीची दोरी गाडीच्याच अंगावरच्या हुकांना अडकते. आमच्याकडे नव्या मुलींना पहिल्या दिवशी तेच शिकवतात: गाडीचं माप म्हणजे ताडपत्रीचं माप, दोरी गाडीच्या अंगाबाहेर दिसता कामा नये. अकरा वर्षांत मी दोरीसाठी कधी जागा धरली नव्हती.

नणंदेने बुकिंगचे कागद पुढे केले. दुसऱ्या पानावर बारावा नियम होता. दोऱ्या आणि खुंट्या धरून संपूर्ण तंबू आखलेल्या चौकोनाच्या आत हवा, नाहीतर तो उभारू दिला जाणार नाही.

"हे तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"बुकिंग केलं त्या दिवसापासून."

"सात आठवडे मी तुमच्यासमोर बसून आकडे लिहीत होते!"

"आणि कागद टेबलावरच होते. एकदा तरी मागितलेस?" ती म्हणाली. "मी पेपर फोडत नाही. ज्या बाईला बारा ओळी वाचायचं सुचत नाही, तिच्या हातात मी मूल द्यायचं?"

मला तिचा गळा धरावासा वाटला. खोटं कशाला बोलू. कागद तिच्या तोंडावर फेकायला मी हात उचलला आणि तेवढ्यात मला ती रेघ दिसली. बाराव्या नियमाखाली पेन्सिलीची रेघ होती, पट्टी धरून मारलेली, आणि पुढे बारीकशी चांदणी. नणंद लाल पेनाशिवाय दुसरं काही वापरत नाही. पट्टी धरून रेघ आणि शेवटी चांदणी, असं या घरात एकच जण करतं. तिची सगळी पुस्तकं तशी आहेत.

पोरगी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली होती. मी कागद घेऊन तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"तू वाचलं होतंस हे?"

"हो."

"कधी?"

"तुम्ही कापड आणायच्या आधी."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"नाही."

मला वाटत होतं की या घरात एकच बाई माझ्या वाईटावर आहे. तिथे दोघी निघाल्या. माझे हात शिवशिवत होते. "का?" मी ओरडले. "काय घोडं मारलंय मी तुझं?"

"मला यायचंच नव्हतं."

"मग तोंड नव्हतं का तुला? बोलायचं ना तसं!"

"कोणी विचारलं?" तीही उठून उभी राहिली, आणि तिचा आवाज माझ्याहून वर गेला. "आत्या म्हणाली, जायचंय. बाबा म्हणाले, मजा येईल. तुम्ही तर माझं माप घेतलंत! मी कुठे झोपणार, माझ्या अंगाला किती जागा लागणार, सगळं वहीत लिहिलंत. यायचंय का, ते कोणीच विचारलं नाही. मला वाटलं, तंबूच बसला नाही तर सगळं आपोआप राहील."

"ऐकलंस?" नणंद मागून म्हणाली. "आता तरी पटलं? तिला तुझ्याकडे यायचंच नाहीये."

मी मागे वळले नाही. जे विचारायचं होतं त्याचं उत्तर मला माहीत होतं, तरी विचारलं.

"मग आता विचारते. आमच्याबरोबर यायचंय तुला?"

"नाही," पोरगी म्हणाली.

एवढंच. मी दोन वर्षं ज्याची वाट बघत होते ते तिथे, त्या पार्किंगमध्ये, संपलं.

नवरा खांब सोडून धावत आला. "अगं, लहान आहे ती. मनावर काय घेतेस? तंबू कापून लहान करता येईल, मी ताईशी बोलतो, तारीख पुढे ढकलू. तिथले पाळणे बघितले की आपोआप रमेल. चल बाळा, असं नाही बोलायचं..."

"ती नाही म्हणाली," मी म्हणाले. "तुम्हाला ऐकू आलं नाही का?"

"पण मग ती आपल्या घरी..."

"नाही येणार. मला कळतंय तेवढं. पण लिफ्टमध्ये अडकलेलं माणूस नाहीये ते, बाहेरून होईल होईल म्हणायला. नाही म्हणाली म्हणजे नाही."

लग्नानंतर इतक्या मोठ्याने मी त्याच्यावर कधी ओरडले नव्हते. बाल्कनीतले गृहस्थ आत निघून गेले.

"म्हणजे हरलीस," नणंद म्हणाली. तिने मीटरपट्टी काखेत धरली. पेपर गोळा करून झाल्यासारखा तिचा चेहरा होता.

"हरले. बुकिंग रद्द करा," मी म्हणाले. "आणि तुमच्या अटीप्रमाणे मी हा विषय पुन्हा काढणार नाही."

मी दोऱ्या सोडायला लागले. एक बाजू सैल झाली तसा कॅनव्हास हळूहळू खाली बसला. नवरा घडी घालायला आला तर मी त्याला हात लावू दिला नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते कोणाला दिसतंय याची मला पर्वा नव्हती. पोरगी अजून पायरीवरच उभी होती. तिने वर जावं, असं मला वाटत होतं. ती जात नव्हती.

"तो तुम्ही टाकून देणार?" तिने विचारलं.

"तुला काय करायचंय?" मी खेकसले.

"बाबा म्हणाले, कापून लहान होतो."

"होतो. सगळंच कापून लहान होतं."

"मग पुढच्या वेळी आधी विचारा," ती म्हणाली. रागानेच म्हणाली, भुवया एकमेकींना चिकटवून.

"पुढची वेळ?" नणंदेची मीटरपट्टी काखेतून सुटून फरशीवर आपटली. "कसली पुढची वेळ? मी काय सांगितलं होतं?"

पोरगी तोवर तीन पायऱ्या वर गेली होती. ती तिथूनच वळली.

"तुला नाही म्हटलं, आत्या," ती म्हणाली. "यांना म्हटलं."