उपाशी बशीतलं बाळसं

हे खरं तर मी सांगायचं नव्हतं. आमच्यासारखींनी यंत्राने विचारलं तरच उत्तर द्यायचं, तेही आकड्यांत, अशी इथली शिस्त आहे. पण आम्हाला वाढवणाऱ्या ऐंद्रिलाच्या हातचं काम जातंय, म्हणून बोलते.

मी एक पेशी. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगातली. ज्यांच्या अंगात जन्मले ते गृहस्थ केव्हाच गेले. मी मात्र कोलकात्याच्या या प्रयोगशाळेत, प्लॅस्टिकच्या बशीत, लेकीबाळींसह सुखात आहे. आम्हाला मारायचं कसं हे शिकण्यासाठी ही माणसं आम्हाला किती मायेनं वाढवतात!

माझ्या पोटात एक ग्राही, म्हणजे रिसेप्टर, राहतो. पुरुषी हार्मोन येऊन चिकटलं की तो उठतो, गाभ्यात जातो आणि वाढायचा हुकूम सोडतो. म्हणून डॉक्टर रोग्याचं हार्मोनच तोडतात. ऐंद्रिलानेही तेच केलं. आमचं जेवण म्हणजे गुलाबी पाणी; कोळशाने हार्मोन काढून घेतलेलं तेच पाणी तिने दोन बशांना घातलं. आमच्या बशीत वर इंटरल्यूकिन-सहा नावाचं प्रथिन टाकलं. शरीराचे रखवालदार संकटात एकमेकांना निरोप धाडतात, त्यांतलाच हा एक.

शेजारची बशी सुकली. आम्ही बाळसं धरलं.

प्रयोगशाळेचे प्रमुख मृगांकसर, त्यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि भुवया चढवल्या. "काय गं, यांना उपाशी ठेवलं होतंस की जामाईषष्ठीला जावयाचं ताट वाढलंस?"

"सर, हार्मोन नव्हतंच त्यात."

"दोन्ही बाटल्या गुलाबी. बोलता बोलता नेहमीची उचलली असशील. टाकून दे ही बशी. बाटल्या ओळखता येत नसतील तर हे काम तपोब्रत करेल."

पलीकडच्या टेबलावरचा तपोब्रत लगेच उठला. "दे, मी टाकतो. तू चहा पिऊन ये. चेहरा बघ, शिळ्या लुची-पुरीसारखा झालाय."

"तपोदा, बशीला हात तर लाव!" ऐंद्रिला म्हणाली. मग सरांकडे वळून हळूच, "पाणी तपासू द्या. यांना फोडून ग्राही हार्मोनशिवायच गाभ्यात गेलाय का तेही बघू द्या. पाण्यात हार्मोन निघालं तर मीच काम सोडते."

"आजच्या आज," सर म्हणाले.

मला ठाऊक आहे, बाटली बरोबरच होती. रखवालदारांचा निरोप माझ्या दारावर थडकला, त्याची हाक आत पोचली आणि ग्राही हार्मोनची वाट न बघताच उठला. चोर पकडायला शिट्टी वाजवावी आणि चोरांनी ती जेवणाची घंटा समजावी, तसं झालं. शिट्टी वाजवणाऱ्यांना अजून वाटतंय, आपला पहारा चोख आहे.

आता ऐंद्रिला खरी ठरायला मला फुटावं लागणार. अख्खी असताना माझ्यावर कोण विश्वास ठेवतं! तिने बर्फाचा ट्रे आणलाय. मरायचंय मला आणि कीव मलाच तिची येतेय.

एकच मागणं आहे. नुसतं हार्मोन तोडून निश्चिंत बसू नका. रोग्याच्या अंगात निरोप कोण धाडतंय तेही बघा, कारण उपाशी ठेवलंत तरी आम्ही

झाकण उघडलं. ऐंद्रिला वाकून म्हणतेय, "चला गं बायांनो, सरांना सांगायचंय ना? या."

आले गं. तर मी म्हणत होते, निरोप आला की आम्ही