हाराआडचे सोबती

मित्रांनो, मी एक जुनी तसबीर आहे, आणि सध्या माझा जीव अगदी मेटाकुटीला आला आहे. तसबिरीनं भिंतीवर मुकाट्यानं टांगून राहावं, अशी जगाची अपेक्षा असते. मीही इतकी वर्षं मुकाट्यानंच राहिले. पण माझ्या काचेआड जे घडलं आहे, ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय आता मला राहवत नाही. मोठी माणसं कायम घाईत असतात, म्हणून तुम्हांला सांगते.

माझी चौकट सागाची आहे. मूर्तिजापूरच्या स्टेशनाजवळ पुंजाजी नावाचा एक कारागीर देवादिकांच्या तसबिरी मढवून देत असे. त्याच्या दुकानात माझा जन्म झाला. एके दिवशी एक उंच, गोरा परदेशी पाद्री टॉवेलात गुंडाळलेला एक फोटो घेऊन दुकानात आला. त्याचं नाव इग्नासिओ. वऱ्हाडानं त्याचं कधीच इनासबाबा करून टाकलं होतं. पुंजाजीनं फोटो उजेडात धरला आणि विचारलं, "बाबा, हे कोनते देव व्हय?"

"देव नाहीत," बाबा म्हणाले, "माझ्या गावची माणसं आहेत. त्यांना मारून टाकलं."

 पुंजाजीनं उत्तम लाकूड निवडलं, कडेनं देवाच्या फोटोला लावतात तशी सोनेरी पट्टी लावली, फोटोवर काच टेकवली आणि मागून पुठ्ठा ठोकला. काच आणि फोटो यांच्यामध्ये जरा अंतर ठेवायला हवं होतं, हे त्या वेळी ना त्याच्या ध्यानात आलं, ना बाबांच्या. मला मांडीवर घेऊन बाबा बसनं वलगावला आले आणि तिथून पुढच्या एका गावात, संत्र्याच्या बागांच्या कडेला, त्यांनी बांधलेल्या लहानशा प्रार्थनाघरात त्यांनी मला टांगलं. गावात कॅथलिक घरं अगदी थोडी. पण मला बघायला सगळेच येत, कारण असला फोटो गावात दुसरा नव्हता.

फोटोत पाच माणसं होती. मधोमध उभे फादर मार्तीन. त्यांच्या डाव्या हाताला पास्कुआल, गावाचा पाववाला, आणि त्याच्याशेजारी देवळाची घंटा वाजवणारा तोमास. उजव्या हाताला पिलार, शाळेतली बाई, आणि अगदी कडेला रोझारिओ, जी लोकांचे कपडे शिवून पोट भरत असे.

त्यांची गोष्ट बाबा दर वर्षी ईस्टरआधीच्या उपासकाळातल्या शुक्रवारी मुलांना सांगत. स्पेन नावाच्या त्यांच्या देशात गेल्या शतकात यादवी माजली. एकाच देशातली माणसं, एकाच गल्लीतली माणसं एकमेकांवर उठली. बाबांच्या भागात त्या दिवसांत पाद्री असणं हाच गुन्हा ठरला. देवळं जाळली गेली. मार्तीन पास्कुआलच्या भट्टीमागे लपून राहिले. तिथं ते पहाटे मिस्सा, म्हणजे भाकर-द्राक्षरसाची उपासना, करत, आणि रोझारिओ तो पवित्र प्रसाद शिवणाच्या टोपलीत, चिंध्यांखाली लपवून आजाऱ्यांच्या घरी पोचवत असे. कोणीतरी चुगली केली आणि पाचही जण पकडले गेले. त्यांना सांगण्यात आलं, आमचा या धर्माशी संबंध नाही एवढं म्हणा आणि घरी जा. पाद्र्याला तीही सवलत नव्हती, पण बाकीच्या चौघांना होती. चौघांपैकी एकानंही ते म्हटलं नाही. कबरस्तानाच्या भिंतीला टेकवून त्यांना गोळ्या घातल्या. बंदुकीमागे उभ्या असलेल्यांत असेही होते, ज्यांच्या लेकरांचे सदरे रोझारिओनंच शिवले होते.

"आणि दुसऱ्या बाजूच्यांनीही माणसं मारली," बाबा शेवटी न चुकता सांगत. "आपल्या माणसांसाठी रडताना हे विसरू नका." मग ते मला खाली उतरवून एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत आणि मुलांकडून नावं वदवून घेत. सगळ्यांत मोठ्यानं नावं घेई संध्या. परकर सावरत सगळ्यांत पुढं बसणारी आणि बाबांना प्रश्न विचारून भंडावून सोडणारी.

ते माझे भरभराटीचे दिवस होते. मग बाबा थकले आणि गेले. अमरावतीहून पंधरवड्यातून एकदा पाद्री येऊ लागले. प्रार्थनाघराची किल्ली संध्याकडे आली. तिथं झाडलोट करायची, मेणबत्त्या लावायच्या, मुलांना प्रार्थना शिकवायच्या, हे सगळं ती करत आली आहे. आता तिचे केस पिकले आहेत. पण मी टांगलेली आहे उंचावर, दारावरच्या भिंतीवर. तिथं शिडी लावावी लागते, आणि शिडी चढायचा मान पुरुषमाणसांचा. तो नियम कोणी केला, देव जाणे.

आता हाराचं ऐका. आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या फोटोला हार घालतात. ही चांगलीच रीत आहे, माझी तिच्याबद्दल तक्रार नाही. दर वर्षी या पाच जणांच्या स्मरणाच्या सणाला वलगावच्या गंगूबाईंच्या मळ्यातून शेवंतीचा हार येतो. गंगूबाई या माणसांना ओळखत नाहीत, पण 'धर्मासाठी जीव दिलेली मानसं' म्हणून हार भरगच्च करतात आणि संध्याकाळपर्यंत टवटवीत राहावा म्हणून त्याच्यावर पाणीही मायेनं शिंपडतात. हा हार माझ्या डोक्यावरच्या खिळ्याला अडकतो आणि दोन्ही बाजूंनी खाली उतरतो. मधले मार्तीन मोकळे राहतात. डावीकडचे दोघे आणि उजवीकडच्या दोघी झाकल्या जातात. बरं, एकदा घातलेला हार काढायचा कोणी? घातलेला हार उतरवणं म्हणजे अपमान! तो तसाच वाळतो, काळा पडतो आणि पुढच्या वर्षी नवा येतो तेव्हाच खाली उतरतो.

ओल्या हाराचं पाणी काचेवरून ओघळतं, पट्टीतून आत शिरतं आणि काचेला चिकटलेल्या फोटोत मुरतं. आधी तोमास गेला. त्याच्या जागी तपकिरी डाग आला. मग पास्कुआल गेला. पिलारबाईंच्या कपाळावर बुरशीचा ठिपका आला आणि पसरत पसरत हनुवटीपर्यंत पोचला. मी काय करणार? मला ना हात, ना तोंड. ज्यांनी कोणाच्या धाकानं आपला शब्द फिरवला नाही, त्यांना शेवंतीच्या पाण्यानं पुसून टाकलं, आणि तेही मोठ्या भक्तिभावानं. उरली फक्त रोझारिओ. तिचा चेहरा तेवढा शाबूत होता.

असं असताना गेल्या साली बातमी आली. रोमहून जाहीर झालं की या पाचही जणांना आता 'धन्यवादित' म्हणायचं. संतपदाच्या अगोदरची ही पायरी. यंदाच्या सणाला अमरावती-अकोल्याहून पाहुणे येणार, म्हणून प्रार्थनाघरात बैठक भरली. समितीचा अध्यक्ष योगेश. मनानं सरळ, पण कार्यक्रम म्हटला की त्याच्या अंगात येतं. त्यानं सांगितलं, अकोल्याच्या एका स्टुडिओत फोटो मोठा करून मिळतो. मार्तीनबाबांना गर्दीतून वेगळं काढतात, मागं निळं आभाळ घालतात. फाटकावर पाटी लागेल: 'धन्यवादित मार्तीन आणि सोबती'.

"अन बाकीच्याइचं काय?" संध्यानं विचारलं.

"काकू, सोबती म्हटलं ना!"

"सोबती हे काय नाव व्हय? तुह्या लग्नाच्या पत्रिकेत बायकोचं नाव टाकलं, का 'योगेश आनि सोबती' लिवलं?"

लोक हसले. योगेशही हसला. फादर मनोज, नव्यानं येऊ लागलेले तरुण पाद्री, समजुतीच्या सुरात म्हणाले, "काकू, रोमच्या पत्रकातही तसंच आहे. अशीच पद्धत असते." पद्धत म्हटली की बोलणं संपतं. संध्या खाली बसली, पण तिनं एक गोष्ट मात्र पदरात पाडून घेतली. तिच्या मुलीला, रूपालीला, नुकतीच लेक झाली होती, खुशी. तिचा स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, त्याच दिवशी करायचा आणि तिचं स्नानाचं नाव रोझारिओ ठेवायचं.

"ते अगदी कोपऱ्यात उभी हाये ना, तिचं," ती रूपालीला म्हणाली. "पोरीले उचलून दाखवू. म्हनावं, पाय, हे तुह्या नावाची बाई."

मित्रांनो, हे ऐकून माझं काय झालं असेल! त्या दिवसापासून मला एकच घोर लागला. एवढा एक हार टळू दे. एवढ्या एका वर्षी तरी माझी उजवी कड कोरडी राहू दे.

सणाच्या आदल्या दिवशी योगेशनं शिडी लावली. गेल्या सालचा वाळका हार उतरवला आणि ओल्या फडक्यानं मला पुसायला घेतलं. डाग दिसले. काचेवरचा मळ समजून त्यानं ते खसाखसा घासले आणि फडकं माझ्या सांध्यांत पिळलं जाईस्तोवर दाबलं. खालून संध्या ओरडली, "अरे, हार लहान घाल! नाई तं खालून टांग, तोंडं दिसू दे!"

"काकू, अमरावतीचे पाहुने येऊन राह्यले अन लहान हार? लोक काय म्हनतीन!" असं म्हणून त्यानं नवा हार चढवला. मांडीएवढा जाड होता. रात्रभर पाणी गळत राहिलं आणि मी रात्रभर चडफडत राहिले.

सकाळी प्रार्थनाघर माणसांनी भरलं. खुशीला पांढरं झबलं घातलं होतं. स्नानसंस्काराआधी संतांची विनवणी होते. एकानं संतांची नावं घ्यायची आणि बाकीच्यांनी म्हणायचं, 'आम्हांसाठी विनंती कर'. ती वाचायला संध्या उभी राहिली. हातातल्या कागदावर सगळ्यांत शेवटी छापलं होतं, 'धन्यवादित मार्तीन आणि सोबती'. तिनं चष्मा काढला आणि कागदाची घडी केली.

"धन्यवादित मार्तीन," ती म्हणाली.

"आम्हांसाठी विनंती कर," लोक म्हणाले.

"धन्यवादित पास्कुआल, पाववाले." लोक जरा अडखळले, पण म्हणाले. "धन्यवादित तोमास. धन्यवादित पिलारबाई. धन्यवादित रोझारिओ, कपडे शिवनारी." फादर मनोज पाण्याचं भांडं धरून थांबले होते. त्यांनी तिला अडवलं नाही. उलट शेवटच्या नावाला त्यांचाच आवाज सगळ्यांत मोठा लागला. इनासबाबांनंतर इतक्या वर्षांनी माझ्या पाचही माणसांची नावं त्या घरात घेतली गेली. मला वाटलं, चला, भरून पावलं.

मिस्सा संपल्यावर संध्यानं योगेशला शिडी लावायला लावली. हार उतरवायचा म्हटल्यावर पाहुण्यांत कुजबूज झाली, पण ती हटली नाही. योगेशनं हार काढला, मला खाली आणलं आणि वेदीजवळच्या टेबलावर टेकवलं. संध्या खुशीला कडेवर घेऊन पुढं आली आणि थबकली.

डावीकडं डाग. उजवीकडं डाग. कोपऱ्यात, जिथं रोझारिओ होती, तिथं ओल चढून फोटो काचेला चिकटून सोलवटला होता. मधोमध मार्तीन तेवढे स्वच्छ दिसत होते.

"मले वाटलं, मळ हाये," योगेश म्हणाला. त्याचा चेहरा पार उतरला होता. 

रूपालीनं हळूच विचारलं, "आई, कशी दिसे वं ते?"

संध्यानं चष्मा लावून तो डाग निरखून पाहिला. "हसरी होती," ती म्हणाली. मग पुन्हा आठवू लागली. "केस... नाई वं. मले आता आठोत नाई." आणि तिनं खुशीचं बोट धरून त्या डागावर टेकवलं. "इथं होती पाय, माय. इथं होती."

मित्रांनो, मला सगळं आठवतं! तिचं कपाळ रुंद होतं. केस मधोमध भांग पाडून घट्ट बांधलेले होते. डाव्या भुवईवर लहानशी खूण होती. गळ्यात मापाची पट्टी तशीच राहिली होती, फोटोसाठी ती काढायचं तिला सुचलंच नव्हतं. हे सगळं मी त्या दिवशी ओरडून सांगत होते, पण तसबिरीचं कोण ऐकतं?

तुमच्याही घरात भिंतीवर एखादा जुना फोटो असेल. मधला माणूस कोण, हे तुम्हांला सांगावं लागत नाही, त्याचं नाव सगळे घेतात. आज घरी गेलात की आजीला नाहीतर आजोबांना त्या फोटोजवळ न्या, हार बाजूला सारा आणि कडेला उभ्या असलेल्या माणसावर बोट ठेवून विचारा, हे कोण? उद्या विचारू, असं म्हणू नका. उद्याही सांगणारं माणूस असेल कदाचित, पण बोट ठेवायला चेहरा उरलेला नसेल.