चारशे शहाण्णवचं पारडं

मी एक जुना तराजू आहे. एक लोखंडी दांडी, मधोमध काटा आणि साखळ्यांना लटकलेली दोन पितळी पारडी, एवढाच माझा देह. अंधेरीच्या एका लोहाराने मला घडवलं आणि वेसाव्याच्या सुंदराबाईने मला मासळी बाजारात नेलं. मित्रांनो, तिच्या हाती मी सुरमई तोलली, बोंबील तोलले, करंदीचे वाटे तोलले. दसऱ्याला ती मला घासूनपुसून झेंडूचं फूल वाहायची, हात जोडायची. त्या दिवशी माझ्याकडून काम घ्यायची नाही.

मग बॅटरीवरचा वजनकाटा आला आणि मी माळ्यावर गेलो. पारड्यांत कोळ्यांनी जाळी विणली.

तिथून मला खाली काढलं सुंदराबाईच्या नातीने, जयाने. ती निमेश सरांच्या गणिताच्या क्लासला जायची. सरांना शिकवायला जुना तराजू हवा होता. जया मला उराशी धरून घेऊन गेली आणि मी फळ्याशेजारी टांगला गेलो.

सर शिकवायचे मात्र छान, हे मी नाकारणार नाही. एका पारड्यात सहा चिंचोके ठेवले. मग म्हणाले, "सहाला निःशेष कोण भागतं? एक, दोन, तीन. हे विभाजक. सहा स्वतः मोजायचा नाही." तेवढे चिंचोके दुसऱ्या पारड्यात टाकले आणि माझा काटा सरळ उभा राहिला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सहा ही परिपूर्ण संख्या. चौदाचे विभाजक मिळून दहाच भरतात, ती न्यून. बाराचे सोळा होतात, ती विपुल. अठ्ठावीसला पुन्हा काटा सरळ. इतकं कौतुक मला बाजारातही मिळालं नव्हतं.

पण सरांनी हळूहळू चिंचोके सोडून मुलंच तोलायला घेतली. दर शनिवारी एकेकाचा हजेरी क्रमांक पारड्यात. न्यून निघेल त्याने खाली जमिनीवर बसायचं. जयाचा क्रमांक सतरा. सतराला एकाशिवाय कोणी भागत नाही. सतरा चिंचोक्यांसमोर एकच चिंचोका पडला आणि माझी दांडी धाडकन कलली.

"बघा रे, ही आपली जया! पासंगालाही पुरत नाही!" सर म्हणाले.

वर्ग खदखदून हसला. सगळ्यांत मोठ्याने सुयोग हसला. त्याचा क्रमांक अठ्ठावीस, आणि क्लासची जागा त्याच्या वडिलांची.

गोरेगावच्या गणित स्पर्धेला क्लासमधून एकच मूल जाणार होतं. सर म्हणाले, "अठ्ठावीसनंतरची परिपूर्ण संख्या जो शोधेल, तो जाईल." जयाने मैत्रिणीला, दर्शनाला माझ्याजवळ उभं राहून सांगितलं, "आजी म्हनते, सरांनी तुला निवडलं तं तुज्या सांजा तुज्या. नाय तं मासळीवर ये, माज्या डोल्यांना आता दिसत नाय."

"मग शोध ना यार, वाट कसली बघतेस?"

जयाने शोधली. कोणाला न विचारता, एकेक संख्या भागत. चारशे शहाण्णव.

क्लासच्या डब्यातले चिंचोके एकाच पारड्यापुरते होते, तेही जुने, किडीने आतून पोखरलेले. म्हणून विभाजकांसाठी तिने घरून आणले, कालवणाच्या चिंचेतले, त्याच सकाळी धुतलेले. एक, दोन, चार, आठ, सोळा, एकतीस, बासष्ट, एकशे चोवीस, दोनशे अठ्ठेचाळीस. प्रत्येक वाटा तिने मोजून टाकला. तिचे ओठ हलत होते, जणू जप चालला होता.

आणि माझी दांडी तिच्या बाजूला कलली. ओल्या बिया जड होत्या. देवाशपथ सांगतो, मला वाचा असती तर मी ओरडलो असतो.

"फाजील निघाली गं तुझी संख्या," सर हसले.

"सर, चिंचोके जड आहेत. मोजून बघा ना."

"आता तराजूही खोटा? तुझ्याच घरचा आहे ना? जा, खाली बस."

जया बसली नाही. आपले चिंचोके ओच्यात गोळा केले आणि निघून गेली. तिची पावलं जिन्यावर वाजेनाशी झाली, तसे सर फळ्याकडे वळले. त्यांनी लिहिलं, ४९६. खाली नऊ विभाजक, खाली बेरीज. बरोबर चारशे शहाण्णव.

"सुयोग, पाठ कर. गोरेगावला विचारतील."

दर्शना उठली. "सर, ही तर जयाची!"

"तिची झुकली होती ना? तू पण खाली बसायचंय का?"

दर्शना बसली.

सुयोग स्पर्धेला जाऊन आला. जया पुन्हा क्लासला आली नाही. दर्शना सांगते, संध्याकाळी ती आजीशेजारी बसून मासळी तोलते आणि ओळखीचं कोणी आलं की मान खाली घालते. मी अजून इथेच टांगलेला आहे. दर शनिवारी कोणीतरी माझ्यापायी जमिनीवर बसतं.

मित्रांनो, मला फक्त वजन कळतं. चिंचोके किती हे मला विचारू नका, आणि माणूस किती हे तर मुळीच नका. कोणाचं पारडं कललं की हसण्याआधी खाली वाका आणि एकदा मोजा. त्या दिवशी वर्ग भरलेला होता, आणि मोजता सगळ्यांना येत होतं.