मी खोल, ती पसरट

मी एक जुना टोप आहे, मित्रांनो. तांब्याचा, आतून कल्हई केलेला, आणि इतका खोल की माझ्या तळातलं ढवळायला डावासकट कोपरापर्यंत हात आत घालावा लागतो. शेजारच्या खुंटीला लंगडी टांगलेली असते. लंगडी म्हणजे बसकं, पसरट भांडं, चार बोटं उंचीचं. तिला गप्प बसवत नाही, म्हणून ती मध्ये बोलेल ते मी कंसात देत जाईन.

(चार नाही, पाच बोटं.)

बघा.

मला घडवणाऱ्या कारागिराला घाई माहीतच नव्हती. ठोका द्यायचा, थांबायचा, बोटांनी चाचपायचा, पुन्हा ठोका. ते ठोके अजून माझ्या अंगावर दिसतात. "हा निवांत शिजवील," असं तो मला उचलून म्हणाला होता.

(मला त्याने एका दुपारी उरकलं. मला काहीच म्हणाला नाही.)

तिथून आम्ही दोघं एका फर्निचरच्या कारखान्यात आलो. खाली करवती, रंधे आणि भुसा. वरच्या मजल्यावर स्वयंपाकघर आणि लांबच लांब टेबलं. पंचेचाळीस सुतार दुपारी एकला जिना चढून यायचे. स्वयंपाक दोन माणसं करत: आचारी, ज्याला सगळे काका म्हणत, आणि भाज्या चिरणारी त्याची थोरली बहीण, आक्का. काकाचे केस पिकले तरी आक्का त्याला बाळच म्हणायची.

रस्सा शिजताना काका माझं झाकण कधी उघडत नसे. झाकणाच्या कडेशी नाक न्यायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "मटार झाला. बटाट्याला अजून दम हवा." तो कधी चुकला नाही. मी आतून वास पाठवायचो, तो बाहेर ओळखायचा. आमची भाषाच ती. लंगडीत तो फक्त कांदा परतायचा. तिची चरचर सुरू झाली की मी म्हणायचो, उथळ पाण्याला खळखळाट फार.

(रोज म्हणायचा. रोज.)

हो, रोज. आता लाज वाटते.

मग काका दहा दिवस तापाने पडला. परत आला, मला शेगडीवर चढवलं, झाकणाला नाक लावलं. मी नेहमीसारखा वास पाठवला. काका तसाच उभा. थोड्या वेळाने त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्याला घड्याळाची गरज पडलेली मी पाहिली नव्हती.

आठवड्याभरात रस्सा माझ्या तळाला लागला. "आच जास्त झाली," काका म्हणाला. सुतार हसले. "काका, आमचा भुसा टाकलात का यात?"

दुसऱ्या वेळचं मात्र सांगायलाच हवं. तळ करपायला लागला तेव्हा मी होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडलो. म्हणजे वास सोडला. मला दुसरं ओरडता येत नाही. काकाचं नाक झाकणापासून दोन बोटांवर होतं. डोळे मिटलेले. आणि तो म्हणाला, "झकास."

त्या दिवशी माणसं अर्धपोटी कामाला गेली. मॅनेजर वर आला. वाईट माणूस नव्हता तो. "काका, आणखी एकदा असं झालं तर मला बाहेरून डबे सुरू करावे लागतील. मग हे स्वयंपाकघर बंदच."

"नाही होणार," काका म्हणाला.

मॅनेजर गेला. आक्काने सुरी ठेवली आणि फडक्याने झाकलेली एक वाटी काकाच्या नाकापुढे धरली.

"सांग बघू, काय आहे?"

"आक्का, काम पडलंय."

"सांग ना."

काकाने हुंगलं. "दालचिनी. जरा जुनी आहे."

आक्काने फडकं उचललं. वाटी रिकामी होती.

खाली करवत चालू होती. ती थांबल्यावर आक्काने विचारलं.

"कधीपासून, बाळ?"

"तापापासून."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"काय सांगू? आचाऱ्याला नाक नाही म्हणून दवंडी पिटू?"

"दवंडी कशाला? डोळे आहेत ना, मग डोळ्यांनी शिजव." तिने खुंटीवरून लंगडी काढली. "हिच्यात काही लपत नाही."

"पंचेचाळीस जणांचं हिच्यात? चार खेपा होतील."

"होऊ देत. मला तरी कुठे गाडी गाठायचीय?"

खोलपणाचा मला केवढा तोरा होता, मित्रांनो. पण खोल भांड्याचा तळ दिसत नाही, आणि ज्याला वास येत नाही त्याच्यासाठी मी म्हणजे कठडा नसलेली विहीर. काकाला तिथे टिकायचं तर मला उतरावंच लागणार होतं. त्याने मला दुसऱ्या कुणाला घासू दिलं नाही. राख आणि लिंबू घेऊन तीन दिवस माझा तळ घासला आणि मला फळीवर पालथं घातलं.

(पहिल्या दिवशी मी घाबरले होते. मला कांद्यापलीकडे काही येत नव्हतं.)

तिने हे मला कधी सांगितलं नव्हतं.

काका पहाटे येऊ लागला. लंगडीवर वाकून बघायला शिकला: कडेचे बुडबुडे मोठे झाले की पाणी आटत आलं, डाव फिरवला की तळाचा रंग कळला. पण डोळे एका वेळी एकाच जागी असतात. एकदा आक्का भाजी आणायला गेली असताना मागच्या शेगडीपाशी फडकं धुमसू लागलं. काका लंगडीवर वाकलेला. पाणी प्यायला वर आलेल्या एका म्हाताऱ्या सुताराने ते उचलून मोरीत टाकलं. "काका, अहो, एवढा वास सुटलाय!"

दुपारी काका टेबलांच्या टोकाशी उभा राहिला. मॅनेजरही जेवायला बसला होता.

"मला वास येत नाही," काका म्हणाला. "तापापासून. दोनदा करपलं ते त्यामुळे. मी खोटं बोललो. आता ठेवायचं का काढायचं ते बघा."

मॅनेजरने घास गिळला. "आजचं कशात केलंय?"

"लंगडीत. चार खेपा."

"मग उद्याही तिच्यातच करा," असं म्हणून त्याने ताट पुढे केलं.

तो म्हातारा सुतार उठला. त्याच्या उजव्या हाताला दोन बोटं नव्हती. "मी रंधा ओढतो तेव्हा कुणीतरी फळी धरतं, काका. त्यात काय एवढं? नाकं आहेत की इथे. या पॉलिशवाल्याचं तर दोघांना पुरेल."

तेव्हापासून जिना चढणारा प्रत्येक जण दारात क्षणभर थांबतो, हुंगतो आणि सांगतो. "काका, मस्त." "काका, डावीकडची शेगडी बघा." कधी थंडीत काका मलाही चढवतो, तेव्हा कुणीतरी स्टूल ओढून माझ्याशेजारी बसतं, आणि मी सावकाश बोलतो.

मित्रांनो, भांडं खोल घ्यावं की पसरट, असं कुणी विचारलं तर आधी विचारा, रांधणार कोण? आणि तुमच्या घरी कुणी रांधत असेल, तर दारावरून नुसते जाऊ नका. थांबा. हुंगा. आणि कसा वास येतोय ते आत सांगा.