बदललेली गोळी

दाढ निघाली, रक्त फारसं आलंच नाही, तेव्हा विजयाचा जीव भांड्यात पडला. नवापूरहून निघाल्यापासून ती भीतीने अर्धी झाली होती. नवरा पुंडलिक, त्याच्या हृदयात बसवलेली झडप, आणि झडपेसाठी रोजची रक्त पातळ ठेवायची गोळी. मागे जाळं सोडवताना शिंगाळा माशाचा काटा त्याच्या हातात घुसला, तर रक्त थांबता थांबेना. असल्या माणसाची दाढ उपटायची म्हणजे काय खेळ झाला?

बोईसरच्या दातांच्या डॉक्टर मेघालीला मात्र हे कमी रक्तच खटकलं. रक्त किती पातळ आहे त्याचा रिपोर्ट मागच्या आठवड्यातला होता. गोळी चालू आहे ना, असं तिने पुन्हा विचारलं. पुंडलिकने मान डोलावली. बायको तळहातावर ठेवील ते तो बिनबोभाट गिळायचा.

विजयाला राहवेना. "मीच बंद केली. रगत थांबनार नाय म्हनून तिच्या जागी ताकदीची गोळी देत होते."

डॉक्टर ओरडली असती तर बरं झालं असतं.

"काकी, रक्त मी टाका घालून थांबवलं असतं," ती म्हणाली. "पण त्या गोळीवाचून झडपेवर गुठळी होते. ती मेंदूत गेली तर माझ्या हातात काही नाही."

तिने पालघरच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, तडक घेऊन या. वाटेत तोंड वाकडं होतंय का, बोलणं अडखळतंय का, हात लुळा पडतोय का, बघत राहा.

रिक्षात विजयाने नवऱ्याकडे पाहिलं. ओठ एका बाजूला ओघळला होता. इंजेक्शनने बधिर झालाय, हे तिला माहीत होतं. पण वाकडं ते वाकडंच. बोलतं करावं, तर तोंडात कापसाचा बोळा. राहिले हात.

"हात वर करा," ती म्हणाली.

पुंडलिक बाहेर बघत राहिला. दवाखान्यात सगळं ऐकल्यापासून त्याने तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. हात मांडीवर तसेच पडून होते. राग आहे की हात गेलेत, तिला कळेना. तिला रडू फुटलं.

"राग काय तो मंग काढा. आदी हात वर करा."

पुंडलिकने वळून पाहिलं. मग हळूच दोन्ही हात वर केले, आणि पालघरचं हॉस्पिटल येईपर्यंत, खांदे भरून आले तरी, खाली घेतले नाहीत.