बांधाकडची ओळ

शोभाबाईनं पदर कमरेला खोचला आणि फावड्याचा पहिला घाव बांधावर घातला. माती ओली होती, फावडं आत रुतलं. ते उपसून तिनं दुसरा घाव घातला. मागं तिचा नवरा झिपरू हात चोळत उभा होता.

"इंद्रसिंगले इचार तरी पहिले," तो म्हणाला.

"दोन वरीस इचारं. पपई सडी गयी म्हंजे तो देखाले ई का?"

पाऊस थांबला होता, पण वावराच्या मधोमध घोटाभर पाणी तसंच साचलेलं होतं. आणखी एक दिवस मुळं पाण्यात राहिली की फळांनी लगडलेली झाडं माना टाकणार होती. बांधापलीकडं इंद्रसिंगची पपई मात्र कोरड्या पायांनी उभी होती. दोन उन्हाळ्यांपूर्वी त्यानं मशीन लावून वावर सपाट करून घेतलं होतं, आणि तेव्हापासून शोभाबाईचा जीव जळत होता. त्यानं जमीन उचलली आणि आपलं पाणी अडवलं, हे ती गावभर सांगत फिरली होती.

कळसाडीचं शिवार रस्त्यावरून जाणाऱ्याला परातीसारखं सपाट दिसतं. पण पाण्याला सातपुड्याकडून तापीकडंच जायचं असतं, आणि उतार इतका थोडा की वीतभर मातीनंही त्याचं बिघडतं. शोभाबाईच्या खाली इंद्रसिंगचं वावर आणि त्याच्याही खाली नाला. पाण्याची वाट ठरलेली होती.

आवाज ऐकून इंद्रसिंग पलीकडून आला. त्याचाही चेहरा तापलेला होता.

"तुम्ही वावर उच्चं करं, म्हनीसन आमनं पानी तुंबनं," शोभाबाई फावडं न थांबवता म्हणाली.

"मन्हीच माती मन्हाच वावरमा फिरायी. बाहेरनी एक पाटी आनी नही. खंदा वहिनी, खंदा. मी आडावत नही."

ही परवानगी तिला शिवीसारखी लागली. दात-ओठ खात तिनं बांध आरपार फोडला आणि पाणी सुटेल म्हणून बाजूला सरली.

थेंबही आला नाही.

तिनं खाली पाहिलं. तिचे पाय कोरड्या जमिनीवर होते. पाणी मागं, वावराच्या पोटात होतं, आणि तिथून बांधापर्यंतची तिचीच जमीन चढत आलेली होती. फोडलेल्या कडेला मातीचे थर दिसत होते. वरची गुडघाभर माती नांगरानं येऊन पडलेली, भुसभुशीत.

नांगर माती एका अंगाला फेकतो. जाणता शेतकरी एका साली ती बांधाकडं टाकतो, तर दुसऱ्या साली आत घेतो. झिपरू दरसाल ट्रॅक्टरवाल्याला बांधाकडंच टाकायला सांगायचा. बांध फुगत फुगत इंद्रसिंगकडं सरकला आणि त्या जागेत पपईची एक जादा ओळ बसली. ही युक्ती शोभाबाईचीच होती. माहेरी तिनं ती हसत हसत सांगितलीही होती.

आता साऱ्या वावरात तीच ओळ हिरवीगार, ताठ उभी होती.

झिपरूनं मान खाली घातली. तिला त्याचा राग आला, मग इंद्रसिंगचा, आणि मग कोणाचा ते तिला कळेना, पण राग काही उतरत नव्हता.

"आते आतलंगुन चारी काढनी पडी," साचलेल्या पाण्यापर्यंत चराची रेघ हातानं दाखवत झिपरू पुटपुटला. "आन पानी यान्हा वावरमातूनच जाई."

दोघांनी इंद्रसिंगकडं पाहिलं.

"पानीले वाट देसू," इंद्रसिंग म्हणाला. "नालालगुन जाऊ देसू. पन ती ओळ मन्ही जागावर शे. ती काढा."

"माल लागेल शे तिले," झिपरू म्हणाला. "महिनाभर थांब ना भाऊ. तोडा झाया का काढसूत."

"इतला वरीस थांबनू मी."

तो बांधावर बसला. घाई त्याला नव्हती. मागं वावरात एक झाड हळूच कलंडलं आणि त्याची फळं पाण्यात टेकली.

शोभाबाईनं ते पाहिलं. मग ती ओळीतल्या पहिल्या झाडापाशी गेली. दोन्ही हातांनी फावडं उचलून तिनं बुंध्यावर घातलं, पुन्हा घातलं. पपईचं लाकूड पोकळच असतं, झाड लगेच आडवं झालं. हिरवी फळं कोरड्या जमिनीवरून घरंगळत खाली गेली आणि थेट पाण्यात जाऊन थांबली.

"उभा काय ऱ्हायना?" ती नवऱ्यावर ओरडली. "दुसरं धर."