वॉर्निश लावलेली डांगरं

किंजलवहिनींचा फोन आला तेव्हा मी शहाद्याच्या एका दुकानात पडद्यांचं कापड बघत होते. "दीपमाला, आत्ताच्या आत्ता ये," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "सोफ्यावर काहीतरी गुलाबी वळवळतंय."

गुलाबी म्हटल्याबरोबर मला कळलं. शेतकऱ्याच्या पोरीला ते सांगावं लागत नाही.

मी घरं सजवून देण्याचं काम करते. किंजलवहिनी आणि पुनीतभाऊ शहाद्यातले कपड्याचे व्यापारी. आमच्या ब्राह्मणपुरीच्या रस्त्याला त्यांनी नवीन फार्महाऊस बांधलं होतं. सासू-सासऱ्यांच्या, म्हणजे तीजाबाई आणि इंदरचंद शेठजींच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती, त्याचा कार्यक्रम तिथेच ठरला होता. वहिनींनी मला मोबाइलवर परदेशातल्या खेड्यांतली घरं दाखवली. दारात केशरी भोपळे, भिंतीवर मक्याची कणसं, टेबलावर लाल-तपकिरी पानं. "असंच हवं. पानगळीचे रंग. आणि सगळं खरं हवं हं, प्लॅस्टिक नको."

मला हुरूप आला. हे सगळं तर आमच्या शेतात पडलेलं असतं. मक्याची कणसं आणि कणसासकट ज्वारीची ताटं घरची घेतली. बोंडं फुटलेली कपाशीची झाडं मुळासकट उपटली. लाल मिरचीच्या माळा ओवल्या. पुरुषोत्तमनगरच्या वसाहतीतून बदामाची लाल झालेली पानं दोन पोती भरून आणली. लाल भोपळ्याला आम्ही डांगर म्हणतो, ती बावीस निवडली.

माझे वडील सुकलाल ओट्यावर बसून बघत होते. "कच्चं शे अजून," ते म्हणाले. "घरमा टांगशी तं किडा पडतीन. आनि डांगरले रंग नको लावू, सडी जाई."

"रंग नाही बाबा, वॉर्निश. चमक येते."

मी डांगरांना वॉर्निशचे दोन हात मारले.

सजावट झाली तेव्हा वहिनी दारातच थांबल्या आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला. खरंच सुंदर दिसत होतं. तीजाबाई आल्या, सगळीकडे हळूहळू फिरल्या, एका कणसाला बोट लावून म्हणाल्या, "दाना चांगला शे." या बाई मारवाडातून लग्न होऊन आल्या, पण पन्नास वर्षं गिऱ्हाइकांशी बोलून बोलून अहिराणी आमच्यासारखीच बोलतात.

ही झाली पंधरा दिवसांपूर्वीची गोष्ट. वहिनींना सगळं आधीच तयार हवं होतं, आणि तेव्हापासून फार्महाऊस बंदच होतं. कार्यक्रमाला आता दोन दिवस राहिले होते.

फार्महाऊसचं दार उघडलं आणि वास अंगावर आला. गोड, आंबूस, जड वास. मी ओढणी नाकाला लावली. कोपऱ्यातलं सगळ्यात मोठं डांगर वरून तसंच चकचकीत होतं. मी ते उचलायला गेले तर बोटं आत गेली. खालचा भाग पांढऱ्या पाण्यासारखा झाला होता आणि त्यात तांदळाएवढ्या अळ्या खदखदत होत्या. हात झटकला तर त्यातल्या काही माझ्या मनगटावर चिकटल्या. मी अंगणातल्या नळावर जाऊन ओकले.

परत आत आले. कणसांतून सोंडकिडे बाहेर पडून भिंतीवर काळ्या रेघा धरून चालले होते. ज्वारीच्या कणसांना जाळं धरलं होतं. आणि सोफ्यामागे ठेवलेल्या कपाशीच्या बोंडांतून बोंडअळी निघाली होती. गुलाबी, मऊ, गुबगुबीत. सोफ्याच्या पांढऱ्या कापडावर ती अगदी उठून दिसत होती. एक वहिनींच्या समोर उशीवरून खाली पडली. त्या किंचाळल्या.

"मार यांना. काहीही कर, पण आजच्या आज मार."

"आधी सगळं बाहेर काढू या."

"आणि भिंतीवरचे? सोफ्यातले? मम्मीजी जैन स्थानकात प्रवचनाला गेल्यात. दीड तास आहे आपल्याला. त्या असताना एक मुंगीसुद्धा मारता येत नाही."

तीजाबाईंचं मला ठाऊक होतं. घरातले किडे त्या पूंजणीने, म्हणजे लोकरीच्या मऊ झाडणीने, कागदावर घ्यायच्या आणि बाहेर सोडायच्या. त्यांच्या धान्याच्या कोठीत कधी औषधाची गोळी पडली नाही.

तरीही मी घरी जाऊन बाबांचा फवारणीचा पंप आणि औषधाची बाटली घेऊन आले. वहिनींनी झाकणाने माप घेऊन औषध पाण्यात ओतलं, मी पंप पाठीवर घेतला. खरं सांगायचं तर मला आत कुठेतरी बरं वाटत होतं. बोंडअळीने दोन वर्षं आमची कपाशी खाल्ली होती. मी एकही कोपरा सोडला नाही.

दहा मिनिटांत सगळं खाली पडायला लागलं. छतावरच्या माळांतून, भिंतीवरून, पानांतून. पांढऱ्याशुभ्र फरशीवर पाय ठेवायला जागा उरली नाही. मेलेलं कमी आणि मरत असलेलं जास्त. औषधाचा उग्र वास डांगरांच्या वासात मिसळला. पायाखाली काहीतरी चुरडत होतं आणि माझ्या चपलेचा तळ ओला झाला होता.

तीजाबाई तासाभरातच परत आल्या. दारात उभ्या राहून त्यांनी फरशीकडे पाहिलं. मग चपला काढून त्या होत्या तिथेच खाली बसल्या.

"हाई कोनी करं?"

वहिनींनी माझ्याकडे बोट केलं. "दीपमालाने, मम्मीजी. मी नको नको म्हणत होते."

मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी नजर फिरवली नाही. मघाशी मनगटावर अळ्या होत्या तेव्हा वाटलं नव्हतं इतकं मला घाण वाटलं. पण पंप माझ्याच पाठीवर होता.

"हो काकू," मी म्हणाले. "मीच मारलं."

तीजाबाईंनी सुनेला जवळ बोलावलं. वहिनी वाकल्या. तीजाबाईंनी त्यांचा हात धरला आणि नाकाशी नेला.

"तुन्हा हातलेबी तोच वास ई ऱ्हायना, किंजल."

वहिनींचा चेहरा पडला. तीजाबाईंनी त्यांचा हात सोडला आणि स्वतःचा हात पदराला पुसला. पुसतच राहिल्या. मग त्यांनी पूंजणी मागवली आणि जे हलत होतं ते एकेक करून कागदावर घ्यायला लागल्या. मी जवळ बसले तर म्हणाल्या, "तू नको."

कागदावर पंधरा-वीस जिवंत बोंडअळ्या जमल्या तेव्हा त्या उठल्या आणि कुंपणाकडे चालायला लागल्या. कुंपणापलीकडे आमच्या भाऊबंदांची कपाशी उभी होती, वेचणी चालू होती. मी मागे धावले.

"काकू, तिथे नको. त्या बोंडं खातील. आमचं पीक आहे ते."

त्या थांबल्या. कागदाकडे पाहिलं, मग कपाशीकडे. "मंग कोठे सोडू यासले?"

आम्ही दोघी उन्हात उभ्या राहिलो. हळूहळू कागदावरचं वळवळणं थांबलं, औषधाने आपलं काम केलं. तीजाबाईंनी कागद दुमडला, खाली ठेवला आणि हात जोडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी उपवास धरला, तो तीन दिवस सोडला नाही.

सजावट मी टेम्पोत भरून घरी आणली. बाबांनी कणसं हातात घेतली, हुंगली. "ढोरसलेबी टाकता येवाव नही," एवढं म्हणून ते खड्डा खणायला गेले. मी मदतीला गेले तर कुदळ द्यायलाही तयार होईनात.

संध्याकाळी वहिनींचा फोन आला, जणू काही घडलंच नव्हतं. "सुरतेला प्लॅस्टिकची पानं आणि भोपळे मिळतात. अगदी खऱ्यासारखे. उद्या तू येऊन लावशील ना?"

"नाही," मी म्हणाले. "दुसरं कोणी बघा."

"अगं, त्यांना काही होत नाही. किडत नाहीत."

मी फोन ठेवला. त्यानंतर आठवडाभर माझ्या तोंडात भाकरी फिरत राहायची. हात कितीदा धुतले तरी जेवताना तो गोड, आंबूस वास यायचा.

कार्यक्रम ठरल्या दिवशी झाला. पुनीतभाऊंनी मला फोटो पाठवला. केशरी प्लॅस्टिकच्या पानांखाली इंदरचंद शेठजी फेटा बांधून हसत होते. शेजारी तीजाबाई हार घालून बसल्या होत्या, उपवासाने उतरलेल्या. पदराचं टोक त्यांनी नाकाशी धरलं होतं. खाली पुनीतभाऊंनी लिहिलं होतं, पाहुण्यांना सजावट फार आवडली.

मी फोटो पुसून टाकला.